रिकामा खिळा

प्रिय आसावरी,

आमच्या हॉलमधल्या एका खिळ्याने माझ्याविरुद्ध उघड बंड पुकारलं आहे, याची गंभीर दखल घ्यावी. परवा त्याने माझा नवा सदरा फाडला, काल कोपर सोललं. उपटावा तर भिंतीचं प्लास्टर घेऊन येईन म्हणतो. महापालिकेकडे तक्रार करणार होतो. पण ती रस्त्यातले खड्डे बघते (म्हणजे नुसती बघते), खिळे तिच्या अखत्यारीत येत नाहीत.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. युद्धात न पडलेल्या देशाचं वर्णन झकास केलंस: तोफा बंद, दुकानं उघडी. तो ज्यू डॉक्टर घरदार सोडून, कोटाच्या आत चित्र लपवून झुरिकला पोचतो आणि पुढच्या बोटीच्या तिकिटासाठी तेच विकतो. घेणारा सभ्य, पावती चोख, किंमत तिकिटापुरती. आता त्याची नात तुमच्या संग्रहालयाच्या दारात उभी आहे, आणि समिती म्हणते, आम्ही लुटलं नाही, विकत घेतलं. इतकी वर्षं सांभाळलंही आम्हीच. अहवाल तुला लिहायचाय. आणि तू मला विचारतेस, स्वतः सही करून विकलेली वस्तू परत मागता येते का?

विचारलंस तरी कुणाला! राहनाळच्या ज्या गोदामाचा मी मॅनेजर आहे, तिथे सगळ्या देशाने ऑनलाइन मागवून नको झालेल्या वस्तू परत येतात. साड्या, मिक्सर, एकदा तर लग्न लागून गेलेला फेटा. 'का?' विचारायचं नाही, हा आमचा नियम. फार उदार नियम, पण दहा दिवसांपुरता. तुझा डॉक्टर बिचारा दहा दिवसांत कुठून परत येणार?

इकडची बातमी म्हणजे कोन गावात खाडीकाठी तुझी आई, विद्युल्लताबाई, जिथे बसायच्या, तिथेही गोदाम उभं राहिलं. शाळा सुटली की बाई रंगांची पेटी घेऊन तिथे जायच्या. ती बांधलेली होडी, चिखलातला तो बगळा, आता फक्त त्यांच्या चित्रात. बाई गेल्या त्या वर्षी तुला शिकायला जायचं होतं आणि तिकिटाला पैसे नव्हते. मी स्कूटर विकून आणले, तर तू ताठ. फुकट नको म्हणालीस, आईचं चित्र विकत घे. वर सुवाच्य सहीची पावती. मी घेतलं. म्हटलं, चित्र इथे असलं तर ही कधीतरी बघायला येईल. रोज संध्याकाळी त्या होडीकडे बघत चहा प्यायलो. तिचा दोर काही सुटला नाही, आणि तूही आली नाहीस.

तर अहवालात एवढंच विचार: विकणाऱ्यापुढे दुसरा रस्ता असता, तर त्याने विकलं असतं का? मी हे आधी स्वतःच्या भिंतीला विचारलं आणि परवा चित्र उतरवलं. आमच्या गोदामातल्या राहीबाईने पॉवरलूमच्या कोऱ्या कापडात ते गुंडाळलं. माझी लुडबुड बघून म्हणाली, "सायेब, इतकं जपाया ही काय नवरी हाय?" म्हटलं, हो, माहेरी निघालीय. पार्सल तुझ्या पत्त्यावर रवाना झालंय. पावती मी फाडली. स्कूटरचे पैसे पाठवायचा आगाऊपणा करू नकोस. माझ्या डॉक्टरांनी मला चालायलाच सांगितलंय. आणि आमच्या नियमाप्रमाणे 'का?' विचारायचं नाही. आता भिवंडीला यायला तुला काही कारण उरलेलं नाही. कारण नसतानाही यावंसं वाटलं, तर घर ओळखायला खिळा तसाच ठेवलाय.

तुझाच, विनातक्रार,
गंधार