पाखाडीची बातमी

प्रिय प्राप्ती बाय,

तुझा फोन ठेवल्यापासून हात शिवशिवतायत, म्हणून कागद घेऊन ओटीवर बसले. तिसरीतून काढून मला गुरांमागे धाडलं होतं, तेव्हा अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, समजून घे. फोनवर मला बोलता येत नाही. तू ‘हो आजी, हो आजी’ करतेस आणि मी मुद्दा सोडून कोलंबीच्या भावावर जाते. खुलासा लिहू की नको, असं विचारलंस ना? सांगते. पण आधी इकडची गंमत ऐक.

तुम्हा कॉलेजच्या पोरांच्या ‘ओंजळ’ने आपला किनारा साफ केला, त्याची तू लिहिलेली बातमी आली. त्या दिवशी रिसॉर्टवाल्या दिनानाथशेटने सकाळीच स्टँडवरचे पेपर गठ्ठ्याने उचलले. फोटो काय, पांढरे बूट, हातात झाडू! झाडूला वाळूचा कण लागला नव्हता, मी मांडवात बसून बघत होते. पेढा आणि पेपर, असं घरोघर वाटत सुटला. मलाही दिला. म्हणाला, ‘‘काकी, नातीने झक्कास लिहिलंय हो!’’ अगं, आतलं त्याने वाचलंच नव्हतं! छापायला देण्याआधी तू त्याला मजकूर दाखवलास, तेव्हाही म्हणे नावाआधी ‘मा.’ आहे का, पुढे ‘सुप्रसिद्ध उद्योजक’ आहे का, एवढंच बघितलं आणि मोबाईलवर अंगठा पाठवला. मधली ओळ वाचली ती भिकूने, चहाच्या टपरीवर, मोठ्याने. ‘समुद्राकडे जाणारी जुनी पाखाडी उद्यापासून सर्वांना खुली करत असल्याचे त्यांनी भाषणात जाहीर केले.’ मग जे हसू फुटलं, बाय, भिकूचा चहा उतू गेला.

यात खोटं काय? माइक हातात आला की शेट वाटेल ते देऊन टाकतो. मागे व्यायामशाळा दिली, रुग्णवाहिका दिली, सगळी भाषणातच. टाळ्या संपल्या की तोही विसरतो, आपणही विसरतो. गावची रीतच पडलीय. तू मेली शहाणी, बोललं ते लिहिलंस!

ती पाखाडी, चिऱ्यांची वाट, माझ्या सासूच्या सासूच्या पायाखालची. वादळात सुपारी आडवी झाली, वाट बुजली. शेटने झाडं उचलली ती उचलली, दोन्ही टोकांना फाटकं ठोकली आणि मधे पाहुण्यांसाठी झोपाळे टांगले. तेव्हापासून आम्ही बाया डांबरी रस्त्याने वळसा घालतोय. तक्रार करायला गेलं तर ‘कागद दाखवा’. पायवाटेचा कागद कोण ठेवतो गं?

बातमीच्या दुसऱ्या दिवशी मनुबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन थेट फाटकातून आत. पाहुणे पोहे खात होते. शेट धावला, तर म्हणते, ‘‘पेपरात आलंय न्हवं, शेट? मंग खोटं कसं असंल?’’ पाहुण्यांनीच तिच्याकडून सुरमई घेतली! मी तर काम नसताना सकाळ-संध्याकाळ जाते. मुद्दाम चपला घासत. त्याच्या बायकोला विचारते, बरी हायस ना गो? त्याचा चेहरा बघून मला भूक चांगली लागते हल्ली.

आता त्याला खुलासा हवाय. नजरचुकीने छापले गेले, असा. नाहीतर तुमच्या मंडळाला मांडव नाही, चहा नाही. आणि तुमचा तो प्रज्योत घाबरला. त्याला सांग, चहा माझ्याकडे प्या, मांडवाला माझं अंगण आहे. शेटने त्याच्याकडे कामाला असलेल्या साहिललाही धाडलं होतं माझ्याकडे, शहाळी देऊन. ‘‘काकी, नातीला जरा समजवा.’’ मी शहाळी प्यायले. समजवत नाही म्हटलं.

तू विचारलंस, एवढं काय अडतं आजी त्या वाटेवाचून? तुला परीक्षेमुळे यायला मिळालं नव्हतं, आणि नंतर कुणी सांगितलं नाही. तुझ्या आजोबांना नेत होते तेव्हा स्मशानाची जवळची वाट तीच. फाटकाशी तिरडी थांबली. शेट हात जोडून म्हणाला, ‘‘काकी, पाहुणे जेवतायत, ताटावरून उठतील.’’ आयुष्यभर त्या चिऱ्यांवरून अनवाणी चाललेला माणूस, त्याला भर दुपारी डांबरावरून फिरवून नेला. मागे एसटी हॉर्न देत होती. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. आता बोलते. खुलासा लिहायचा नाही. मला न्याल तेव्हा त्याच फाटकातून न्यायचं, पाहुण्यांची पानं वाढून झाल्यावर. घाई करायची नाही, सावकाश. मला काही घाई नाही, जेवण पचतंय, गुडघे बरे आहेत. तोवर ती वाट उघडी राहील, एवढं तू बघ.

तुझीच, रोज दोनदा फेरी मारणारी,
कोकिळा आजी