डावीकडे काही नव्हतं

३ ऑगस्ट २०१९, शनिवार
आजपासून फरीदाबादच्या अंध मुलींच्या शाळेत प्रोग्रॅमिंगचा वर्ग. दर शनिवारी. सरकारी कॉम्प्युटर खात्यात आयुष्य गेलं, शिकवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. प्रोजेक्टर घेऊन गेलो होतो. मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंनी हळूच विचारलं, प्रोजेक्टर कशाला? म्हटलं, सवय. वर्गात तोंडातून पहिलं वाक्य गेलं, "अब स्क्रीन पे देखिए." मुली खदाखदा हसल्या. एकंदर उत्तम सुरुवात.
घरी येताना सोसायटीच्या गेटचा खांब गाडीला डावीकडून घासला. खांब चुकीच्या जागी आहे. सेक्रेटरीला कळवणे.

१७ ऑगस्ट
मुलींचे लॅपटॉप बोलतात. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतात, पण इतक्या वेगात की मला नुसती गुणगुण ऐकू येते. स्पीड कमी करायला लावला. मीनाक्षी, वय तेरा, जन्मापासून दिसत नाही, म्हणाली, "सर, इतना स्लो? नींद आ जाएगी." पुन्हा वाढवला. शिक्षकाने लवचीक असावं.
पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ओळ किती आत सरकली यावर सगळं अवलंबून. ते डोळ्यांनाच कळतं, असं मी स्पष्ट सांगितलं. मीनाक्षीने सेटिंगमध्ये काहीतरी केलं. आता ओळ आत गेली की लॅपटॉपचा सूर वर चढतो. माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम.

७ सप्टेंबर
चहाचा कप परत पडला. बायकोला सांगितलं, कप डावीकडे ठेवत जाऊ नकोस. उल्का म्हणाली, डोळे दाखवून या, तुमच्या वडिलांना काचबिंदू होता. अण्णांचं वय काय, माझं काय! रिटायर होऊन दोन महिने झाले, लगेच म्हातारा? फार तर चष्म्याचा नंबर वाढला असेल. दिवाळीनंतर बघू. तोवर रोज एक गाजर.

२८ सप्टेंबर
मोठी बातमी. नोएडाच्या शालेय स्पर्धेत आमचा गेम निवडला गेला. कल्पना मीनाक्षीची, कोड तिचा आणि वर्गातल्या कुमुदचा, बाकी सगळं माझं. कानात बॉलचा आवाज येतो, जवळ आला की बटण दाबून मारायचा. मी खेळून बघितला, दर वेळी आउट. हेडफोन खराब.
गाजर बंद. गॅस होतो.

१२ ऑक्टोबर
संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. दिल्लीचं पोल्युशन! सरकार झोपलंय.
सुहासिनीबाई म्हणाल्या, स्पर्धेला शाळेची व्हॅन जाईल. मी म्हटलं, बिल्कुल नाही, माझ्या मुली माझ्या गाडीतून जातील. बाईंनी गाडीची डावी बाजू बघितली. म्हणाल्या, बरेच चरे पडलेत हो. म्हटलं, ई-रिक्षावाले!
वर्गातून निघताना दाराला खांदा लागला. मीनाक्षी म्हणाली, "सर, आप रोज़ टकराते हैं. हम तो नहीं टकराते." हसून सोडून दिलं. पोरीत विनोदबुद्धी आहे.

१८ ऑक्टोबर
उद्या स्पर्धा. उल्का दुपारपासून एकच सांगते आहे, मेट्रोने न्या. गाडीची किल्ली शोधायला वेळ लागला. डाळीच्या डब्यात होती. उल्काला विचारलं, तिला म्हणे काही माहीत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार
काल लिहवलं नाही. जे झालं ते नीट नोंदवून ठेवतो, पोलिसांत उपयोगी पडेल.
मीनाक्षी माझ्या शेजारी, कुमुद मागे. नोएडाच्या अलीकडे मीनाक्षी म्हणाली, "सर, बाईं तरफ स्कूटी है. बहुत पास." मी बघितलं. डावीकडे काही नव्हतं. मी तिला समजावलं की गाडीला आरसे असतात. ती ओरडली, "सर, है!" मी गाडी डावीकडे वळवली.
स्कूटीवर एक बाई होती. मनगट मोडलं. देवाची कृपा, हेल्मेट होतं. कुमुदचा ओठ फुटला. बाई रस्त्यावर बसून एकच विचारत होती, "दिखता नहीं क्या?"
चौकीत दिवस गेला. मीनाक्षीने लॅपटॉप उघडून हवालदाराला गेम दिला. तो आउट होत होता आणि पुन्हा मागत होता. तिकडे नोएडात आमचं नाव पुकारून झालं असेल. सुहासिनीबाई व्हॅन घेऊन आल्या, मुलींना घेऊन गेल्या. मला एवढंच म्हणाल्या, पुढच्या शनिवारी येऊ नका. जाताना मीनाक्षीने विचारलं, "सर, आपको सच में नहीं दिखी?"
स्कूटीवाल्यांना लेनची शिस्त नाही. हे लिहिलं खरं. पण बाई नक्की कुठून आली, ते मला अजून समजत नाही.

२४ ऑक्टोबर, सकाळ
उल्काने डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. जातो, तिच्या समाधानासाठी. रिपोर्ट नॉर्मल आला की झेरॉक्स शाळेत पाठवायची.

२४ ऑक्टोबर, दुपार
टेस्ट सोपी. मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कुठेही लाइट चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी बटण बऱ्यापैकी दाबलं. मग टेक्निशियन मुलीने उजवा डोळा झाकला. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बराच वेळ काहीच होईना. तिला म्हटलं, "बेटा, मशीन शुरू करो."
ती म्हणाली, "सर, टेस्ट हो गया."