झटकलेला कोट

९ जाने.
लॅबमधल्या फ्यूम हूडचा, धूळ-वाफा बाहेर ओढणारा पंखा अजून बंद. गाइड मॅडम : "मास्क लाव आणि उरक." कार्बनच्या नळ्यांची पूड तोलताना श्वास रोखून धरते. केसाहून कितीतरी बारीक नळ्या, नखाएवढ्या चिपवर. फुप्फुसाला सूज असली की श्वासात एक वायू वाढतो, तो नळ्यांना चिकटतो, करंट हलतो, पडद्यावरची रेषा वर जाते. आज बाबांना लॅबमध्ये नेलं. पहिली फुंकर त्यांचीच. गिरणीतला कापूस अजून छातीत आहे त्यांच्या.
"एवढीशी टिकली माझी छाती वाचणार?" हसले, मग खोकला.
याचसाठी शिकले मी.

१३ जाने.
लॅबचे कोट धुवायला सोय नाही, सगळे घरी नेतात. मीही पिशवीला गाठ मारून आणला, वेगळा भिजवणार होते. आंघोळ करून येते तर आई गॅलरीत कोट झटकतेय. शेजारी खुर्चीत बाबा, पेपर वाचत.
"आई, नको!"
"झटकल्याबिगर कपडो भिजवतत काय गो? तुझ्या बापाचो शर्ट रोज हयसरच झटकलंय."
पेपरवर काळी भुकटी. बाबांनी ती फुंकून उडवली.
"कोळसा काय गं हा?"
"तसंच काहीतरी."

१६ जाने.
मॅडमना सांगितलं. "चिमूटभर तर पूड. काही होत नाही. शुक्रवारी पाहुणे येताहेत, घोळ घालू नकोस."
"आणि बाबांच्या छातीत गेली असेल तर?" मी विचारलं.
"ते नक्की कुणाला माहीत आहे?"
बाबांचा खोकला वाढलाय. थंडीचा असेल.

१९ जाने.
प्रात्यक्षिक. बाबा इस्त्रीच्या शर्टात. फुंकले. रेषा मागच्यापेक्षा खूप वर.
मॅडम पाहुण्यांना, "बघा, किती बारीक फरक पकडते!" टाळ्या. बाबाही वाजवत होते.
चिप बिघडली असेल. थंडी असेल. नाहीतर माझा कोट…
परतताना बसमध्ये : "काय म्हणालं गं तुझं मशीन?"
"छान चाललंय म्हणालं."

२१ जाने.
उद्या बाबांना डॉक्टरकडे नेते. काळ्या भुकटीचं सांगावंच लागेल. आई-बाबांच्या देखत. आई पुन्हा कधी कपडा झटकू शकेल का?
कोट तिने धुऊन, घडी करून माझ्या पिशवीवर ठेवलाय. "उद्या लागतलो मां?"
बाबांची खुर्ची गॅलरीतून आत आणली. त्यांनी परत बाहेर ओढली.
"राहू दे गं. इथं जरा हवा लागते."