टेकडीकडची लाइन

५ जून
झालं! सकाळचा फोन बंद होणार. साहेब माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले नि म्हणाले, "आता यंत्रंच एकमेकांची खबर घेतील. माणसं कशाला?" सगळे हसले. मीही हसले — मूर्खासारखी.

सकाळी ड्यूटीवर आलं की मी टेकडीवरच्या दूरसंचार केंद्राला फोन लावते. "लाइन आहे?" "आहे, मॅडम." काम एवढंच. पण मग त्यांच्याकडचं धुकं, माझा गुडघा, उबेला यंत्रांवर चढून बसणारी त्यांची मांजर... त्यांचा चेहरा मी पाहिलेला नाही. मनातल्या मनात "टेकडीवाले" म्हणते. हे गेल्यापासून घरात कुणी नाही. लेकाचा फोन महिन्याकाठी — "बरी आहेस ना? चल, ठेवतो." दिवसभरात माझ्याशी कामापलीकडचं बोलणारा माणूस हा टेकडीवरचाच एक. तोही जाणार आता.

६ जून
देखरेख लावायला घेतली. प्रकार सोपा. दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना सतत छोटा निरोप धाडतात — मी आहे, मी आहे. लागोपाठ तीन-चार निरोप आले नाहीत की समजायचं, लाइन तुटली. प्रत्येक टोकाला आपला नंबर भरायचा, समोरच्याचा भरायचा, आणि निरोप किती वेळानं धाडायचा ते दोन्हीकडे अगदी सारखं हवं. लांबून त्यांच्या यंत्रात शिरता येत नाही, म्हणून मी फोनवर सांगत होते, ते तिकडे भरत होते. "एक सेकंद," मी म्हणाले. "एक सेकंद," ते म्हणाले. चालू केलं — आणि पडद्यावर लाल खूण!

लाइन ठणठणीत, तरी देखरेख लाल. डबा खाता खाता सापडलं. त्यांना एक सांगितलं नि स्वतः दहा भरलं! इतकी वर्षं काढली या कामात, कपाळ माझं! मिनिटाचं काम होतं. हात पुढे केला — आणि मागे घेतला. दिवसभर हिरवं राहिल्याशिवाय फोन बंद करायचा नाही, असं साहेबांनीच सांगितलंय.

७ जून
आजही लाल. खूप वेळ बोललो. मांजरीला पिल्लं झालीत!

१० जून
साहेब तडकले. "बाई, एवढं साधं काम, आणि अजून घोळ?" ऐकून घेतलं. त्याचं काही नाही. पण मग फोनवर टेकडीवाल्यांना सहज विचारलं, हे सुरू झालं की तुमचं काय? "इथे माणूस लागणार नाही. खाली बदली. भावाच्या घराजवळ." मग म्हणाले, "बरंच आहे म्हणायचं."

फोन ठेवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून एका माणसाला त्याच्या माणसांपासून अडकवून ठेवलंय मी! इतकी कसली गं हाव तुला? जेवण गेलं नाही.

११ जून
दहाचं एक केलं. लगेच हिरवं. त्यांना कळवलं. "झालं मग, मॅडम." "झालं." उद्यापर्यंत असंच राहिलं की संपलं. घरी आले, टीव्ही लावला, आवाज मोठा केला आणि पोटभर रडले.

१२ जून
सकाळी लाल! माझं तपासलं — एक. मग पडद्यावर पाहिलं, पलीकडून निरोप किती वेळानं येतोय — दहा सेकंद! काल तर एक होतं. तिकडे त्यांच्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही. आणि त्यांचा आकडा मला दिसतो म्हणजे माझाही त्यांना दिसत असणार... अगदी पहिल्या दिवसापासून!

तेवढ्यात फोन वाजला. आज त्यांनीच लावला होता. "मॅडम, काहीतरी बिघडलंय वाटतं."

"हो ना," मी म्हणाले. "वेळ लागेल. चहा घेऊन बसा."