एकाच शेताची तीन मापं

कर्जत,
१८ जानेवारी २०२६

प्रिय प्राची,

माथेरानला थंडी चांगलीच पडली असेल. हॉटेलात काम करणाऱ्या तुम्हा लोकांना सकाळी गरम पाणी तरी मिळतं ना? इकडे सगळे मजेत. आई सारखी विचारते, "प्राची दिवाळीला पण खाली उतरली नाय गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

क्लासची गंमत सांगायची राहिलीच. जमीन मोजणीच्या परवाना परीक्षेचा आपला जुना क्लास, जिथे सर उत्तरं सांगायचे आणि आपण उतरवून घ्यायचो, तो बंद झाला. आता सुंदरा मॅडम शिकवतात. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वह्या ठेवा, बूट घाला." आणि थेट कडावला, नागूकाकांच्या शेतावर!

भात कापून झालेला. आम्ही तीन गटांनी एकच शेत मोजलं आणि तीन वेगवेगळी क्षेत्रफळं आली. नागूकाका बांधावर उभे. म्हणाले, "बाय, यातला माझा शेत कंचा हाय? मोठा असंल तो मला द्या, बारका तुमी ठेवा."

मी शरमेने लाल. मॅडम मात्र खळखळून हसल्या. "आता चूक शोधा. सापडल्याशिवाय घरी जायचं नाही."

आमच्या गटाने हद्दीची खूण शेजारच्या शेताच्या बांधावर धरली होती. सापडली तेव्हा मी ओरडलेच गं! पाठ करून करून जे डोक्यात शिरत नव्हतं, ते त्या ढेकळांत उभं राहून कळलं.

बघ, एवढं लिहिलं, पण खरी गोष्ट टाळतेय. कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आपण दोघी एकत्र नापास झालो, एकत्र रडलो. या वेळी मी पास झाले, प्राची. परवाना आला. घरभर नाचले, आणि तुझी आठवण आली तशी मटकन खाली बसले.

नव्या तुकडीला शेतावर शिकवायला मॅडमनी मला बोलावलंय. तुझ्याबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "तिला अजून कुणी शिकवलंच कुठे? घेऊन ये."

येत्या रविवारी कडावला ये ना गं. क्लासात नाव घालायचं की नाही, ते तिथे आल्यावर ठरव. नकोसं वाटलं तर नागूकाकांच्या बायकोच्या, मोतीबाईंच्या हातची भाकरी खा आणि परत जा. पण ये.

तुझी वाट बघणारी,
रुचिता
परवानाधारक भूकरमापक

(नावाखाली हे आज पहिल्यांदाच लिहिलं. आधी तुलाच दाखवायचं होतं.)