कपाटातला दिवा

३ तारीख, सोमवार
नवं घर झकास आहे. एक खोली, पुढे स्वयंपाकघर, आणि पलंगाच्या डोक्यावर माळा. माळ्याच्या लाकडी दाराला कुलूप आहे; आत घरमालकाचं जुनं सामान आहे म्हणे.

जन्मभर मी लोखंडी कपाटं बनवली. त्यातलं एक, जाड पत्र्याचं, पलंगाशेजारी उभं केलंय. केबलवाला वायफायचा डबा देऊन गेला. कोणी वापरत असलं की त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो, असं त्याने दाखवलं. माझी बोटं थरथरतात, पासवर्ड काही जमेना. तो काढूनच टाकायला लावला. मग वाटलं, उघडं कसं ठेवायचं? म्हणून डबाच कपाटात ठेवला, वायरीपुरतं वर भोक पाडलं आणि कुलूप घातलं. आता न्या म्हणावं चोरून. पलंगावर बसून नातीशी, ठकीशी, पोटभर बोललो.

६ तारीख, गुरुवार
दूध कमी होतंय. बिस्किटांचा पुडाही अर्धा झाला. मुलगी म्हणाली, तुम्हीच खाता आणि विसरता. असेल. पण जिवाला चुटपुट लागलीय.

११ तारीख, मंगळवार
पोलीस आले होते. माझ्या आधी इथे एक नर्सबाई राहायच्या. त्यांना कोणीतरी घाणेरड्या धमक्या पाठवतंय, आणि त्या माझ्या वायफायवरून गेल्यात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. साहेबांना म्हटलं, मला नाव टाइप करायला अर्धा तास लागतो. ते हसले नाहीत. मोबाइल घेऊन गेले.

मुलगी धावत आली. जावईबापूंनी सांगितलंय, निकाल लागेपर्यंत ठकीशी बोलणं बंद. मुलीने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “अप्पा, खरं सांगा. तुम्ही नाही ना?”



१३ तारीख, गुरुवार
साहेबांना सांगितलं, पासवर्ड नाही, शेजारच्या कोणीतरी वापरलं असेल. माझी सगळी भिस्त यावरच होती. साहेब केबलवाल्यालाच घेऊन आले. तो आपला मोबाइल घेऊन दारात गेला, जिन्यात गेला, स्वयंपाकघरात उभा राहिला. रेंज काही मिळेना. जाड पत्रा रेंज अडवतो म्हणे; कपाटाच्या वरच्या भोकातून येईल तेवढीच, फक्त पलंगापाशी मिळाली.

तो म्हणाला, “आजोबा, तिजोरीत दिवा लावलात आणि गल्लीत उजेड शोधताय.”

साहेब म्हणाले, म्हणजे या खोलीतलंच कोणीतरी. माझ्याकडे बघून म्हणाले. मुलगी तिथेच होती. जाताना एवढंच बोलली की उद्या दुपारी ठकीला घेऊन येते, तिच्यासमोर सांगा.

१४ तारीख, शुक्रवार, सकाळ
डबा काढून फेकावा म्हणून कपाट उघडलं.

दिवा लुकलुकतोय.

मोबाइल पोलिसांकडे आहे. खोलीत मी एकटा. पलंगाखाली पाहिलं, दाराआड पाहिलं. कोणी नाही. आणि केबलवाला तर म्हणाला होता, फक्त पलंगापाशी –

दुपार
मघापासून माळ्याच्या दाराकडे बघतोय. आधी का नाही दिसलं? जन्म गेला बिजागऱ्या ठोकण्यात. कुलूप गंजलेलं, जागचं हललेलं नाही. पण दुसऱ्या बाजूच्या बिजागरीचे स्क्रू चकचकीत आहेत. रोज काढून रोज लावल्यासारखे, आतून रेटलं तरी सुटतील इतके सैल. दार उलट्या बाजूने उघडतं.

दूध. बिस्किटं. मी बाजारात गेलो की –

पळावं, तर गुडघा धरलाय. पलंगावरून उठलो की पलंग करकरतो. दिवा लुकलुकतोय तोवर माळ्यावरच्याचं लक्ष त्याच्या मोबाइलमध्ये असेल. म्हणून लिहितोय. पोरी, तू वही वाचशीलच. मी नाही गं केलं.

जिन्यात ठकीचा आवाज. पायऱ्या मोजत येतेय. मुलीकडे किल्ली आहे, ती थेट आत –

ओरडतो. आवाज फुटत नाही. वही दाराकडे भिरकावतो, आधी एवढं मोठ्या अक्षरात –

पोरी आत येऊ नको ठकीला घेऊन खाली पळ

दिवा थांबला.

वहीवर वरून स्क्रू पडला. अजून ए