नव्या धानाचा पहिला घास

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

धान कापून झालं — आमचं, आमच्या बांधीतलं, आमच्या भातखाचरातलं! जूनमध्ये सिंदेवाहीहून बियाणं आणलं तेव्हा इथलं ख्रिस्ती बालसदन चालवणारे पाळकसाहेब हसले होते. "बाई, तुम्ही नगरच्या. तुम्हाला बाजरी ठाऊक. धान तुम्ही काय पिकवणार?" पिकवून दाखवलं. बालसदनाची सगळी पोरं चिखलात उतरली रोवणीला, आणि त्यांच्या पुढे मी, साडी वर खोचून.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीने मला वर्षभराच्या सेवेसाठी या गडचिरोलीच्या जंगलात पाठवलं, तेव्हा आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. लोक म्हणाले, कशी निघाली ही! बघा म्हणावं आता येऊन.

७ नोव्हेंबर

मंगलीने आज पुन्हा भात मागून घेतला! पावसाळ्यात तिच्या गावात तापाची साथ आली, त्यात आईबाप दोघंही गेले. गावकऱ्यांनी इथे आणून सोडलं तेव्हा तीही फणफणलेली होती. पेज पाजून पाजून मी तिला उठवलं. उशाशी बसून माझ्या आईच्या गोष्टी सांगायचे — पोरीला काय कळतंय, म्हणून बिनधास्त सांगायचे. डॉक्टर म्हणतात, अजून जपा, अंगात रक्त नाही. जपतेच आहे. माझी लाडकी कोण हे इथे कुणाला विचारावं लागत नाही.

१५ नोव्हेंबर

विकतचा तांदूळ संपला. बरं झालं. उद्यापासून आमचा!

उद्या हंगामाची उपासना, नव्या पिकासाठी देवाचे आभार. ज्यांच्या देणगीवर बालसदन चालतं ते परदेशी पाहुणे येणार. नव्या भाताचा पहिला घास मंगलीला भरवायचा, सगळ्यांसमोर. ठरलंय माझं.

१६ नोव्हेंबर, रविवार

नाक कापलं पोरीने!

उपासना छान झाली. वेदीपुढे धानाच्या पेंढ्या, पोरांची गाणी. मग जेवणं. मंगलीला पुढे घेतलं आणि घास तोंडात घातला. तिने थुंकला. माझ्याच हातावर. पाहुण्यांनी कॅमेरा खाली केला. रक्ताचं पाणी करून पिकवलं ते यासाठी?

स्वयंपाकाच्या अंजनाबाई म्हणाल्या, "लाडावली हाय ते. भूक लागली का गपचूप खाईन."

खाऊ दे. मी काही समजूत काढायला जाणार नाही.

१७ नोव्हेंबर

नाही खाल्लं.

१८ नोव्हेंबर

दिवसभरात दोन आवळे आणि पाणी. संध्याकाळी अंगणात चक्कर येऊन पडली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मांडीवर घेतलं आणि तिच्याच बोलीत विचारलं, "काऊन नाई खात, बेटा?"

"मायले नाई देलं. बाले नाई देलं. मी पयले कशी खाऊ?"

हळूहळू उलगडलं. तिच्या घरी नवं धान आधी मेलेल्यांना देतात, मग जिवंत माणसं खातात.

"मग दे ना तू."

"मी लहान आहो. घरचं मोठं माणूस देते. माह्या घरी कोणी नाई राह्यलं."

आणि मी भर सभेत तो घास तिच्या तोंडात कोंबला होता. शरम वाटली. अंजनाबाईंच्या घरून जुन्या तांदळाची पेज आणवली. घटाघट प्यायली पोर.

१९ नोव्हेंबर

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. वाईट माणूस नाही, पण ऐकेनात. "आज एकीसाठी वेगळा तांदूळ आणला, तर उद्या सगळे मागतील. इथलं अन्न चालत नसेल तर शनिवारी तिला गावी पोचवू."

गावी कोणाकडे? तिथे तिच्या घराला कुलूप लावायलाही माणूस उरलेलं नाही. मी तशीच उठून निघाले. मंगली दाराशी उभी होती, तिने सगळं ऐकलं.

२० नोव्हेंबर

सकाळी मंगली पळसाची पानं घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "बाई, तू दे."

विहिरीमागच्या मोहाच्या झाडाखाली दोन पानं मांडली, त्यांवर नवा भात वाढला. तिने आईबापाची नावं सांगितली, मी ती घेतली. उठणार, तर तिने तिसरं पान माझ्या हातात दिलं.

"तुही माय बी तं मेली."

सगणाबाई. माझी आई. जूनपासून हे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. घेतलं, आणि पोटभर रडले. मग दोघी तिथेच बसून जेवलो. भात गोड लागला.

पाळकसाहेबांकडे उद्या मी जाणार आहे. मंगलीच्या घरचं मोठं माणूस म्हणून.